कुठल्या गावचा बोलर

क्रिकेटचे नियम मला जेवढे पाठ आहेत तेवढं अर्थशास्त्र पाठ असतं, तर सरांनी मला वर्गात इतक्या वेळा उभं केलं नसतं. आणि त्यातले काही नियम असे आहेत की नुसते आठवले तरी माझं डोकं फिरतं. बॉल पायावर लागतो. मशीन दाखवतं की तो स्टंपला लागणार होता. सगळ्या मैदानाला दिसतं. तरी अंपायरने आधी नॉटआउट दिलं असेल तर तो नॉटआउटच, कारण म्हणे अर्ध्यापेक्षा कमी बॉल लागत होता. अर्धा बॉल लागला तर बेल अर्धीच पडते का? हे मी एकदा कँटीनमध्ये विचारलं, तर वर्गातला एक मुलगा म्हणाला, "तू पण बघतेस का क्रिकेट?" मला पटकन उत्तर सुचत नाही. घरी पोचल्यावर सुचतं.

मोठ्या खेळाडूंबद्दलही माझी मतं आहेत. ज्याचे तीन झेल सुटले, त्याच्या पन्नास धावांना मी पन्नास म्हणत नाही. काही जण खेळतात कमी आणि जाहिरातीत दिसतात जास्त. त्यांच्या एका षटकाराच्या मागे आधीच्या दहा सामन्यांतलं अपयश झाकलं जातं, आणि ज्याने गुपचूप चार ओव्हर टाकून सामना वाचवला त्याचं नाव दुसऱ्या दिवशी कोणाला आठवत नाही. मी बोलरच्या बाजूने विचार करते, हे मला माहीत आहे. त्याचं कारण माझा दादा.

पण मला ज्या नियमाबद्दल लिहायचं आहे तो कुठल्याही पुस्तकात नाही. तो आमच्याकडचा आहे. मला तो नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे, पण प्रयत्न करते.

आमचं गाव डोंबिवलीच्या खाडीकडच्या अंगाला आहे. इथल्या गावांमध्ये दर हिवाळ्यात टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात. पूर्वी भात कापून झालं की शेत सपाट करून तिथेच खेळायचे. आता भात कोणी लावत नाही, शेतांवर टॉवर आलेत, पण स्पर्धा राहिल्या आणि मोठ्या झाल्या. मांडव, ढोल, मोबाईलवर लाइव्ह, माईकवर आगरी बोलीतला कॉमेंटेटर. प्रत्येक गावाचा एक संघ, आणि प्रेक्षकही आपापल्या गावाच्या मांडवात बसतात.

नियम असा, की खेळाडू त्याच गावचा पाहिजे. आणि गावचा म्हणजे कोण, तर ज्याच्या बापाचं घर गावात आहे तो. मागे काही गावांनी बाहेरून भाड्याचे खेळाडू आणले होते, त्यावरून मारामाऱ्या झाल्या, म्हणून हा नियम झाला. करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, हे मला मान्य आहे. पण त्या नियमात जावई बसत नाही आणि भाचाही बसत नाही. माझा दादा भाचा आहे.

आमचे वडील खडवलीच्या पुढच्या एका गावचे. मी कडेवर होते तेव्हा आई ते घर सोडून निघाली. मामा स्वतः स्कूटर घेऊन गेला आणि तिला, दादाला आणि मला एकाच फेरीत घेऊन आला. वडिलांनी दुसरं लग्न केलं. तेव्हापासून आम्ही मामाच्या घरामागच्या खोलीत राहतो. मामाने आम्हाला कधी परकं म्हटलं नाही. सणाला त्याच्या मुलाला जसे कपडे, तसेच दादाला. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्याच्याबद्दल जे लिहिणार आहे ते वाचून तो वाईट माणूस वाटू नये.

दादा दहावीनंतर टँकरवर लागला. टॉवरवाल्यांना पाणी पोचवतो. मी कॉलेजात जावं हे त्यानेच ठरवलं. आमच्या दोन्ही घरांत कॉलेजात गेलेली मी पहिली. तो सकाळच्या दोन फेऱ्या झाल्या की अंगणात बोलिंग टाकायचा. समोर बॅट घेऊन मामाचा मुलगा, दादापेक्षा थोडा लहान. विटांच्या स्टंपमागे मी. बॅट मामाच्या मुलाची असल्यामुळे अंगणात एक नियम होता, की ज्याची बॅट तो पहिल्यांदा आउट झाला तर आउट नाही. दादा त्याला रोज आउट करायचा आणि तो रोज म्हणायचा, "ट्रायल होती ती." दादा हसून परत रनअप घ्यायचा.

मामाचा मुलगा आज नावाजलेला खेळाडू आहे. कॉमेंटेटर त्याला खाडीचा बादशहा म्हणतो. तो बॅटिंगला येतो तेव्हा गाणं लागतं. त्याच्या रील्स ठाण्यातल्या माझ्या कॉलेजची मुलंही बघतात. तो वाईट खेळतो असं मी म्हणत नाही. पण आमच्या मैदानाची एक बाजू अगदी जवळ आहे आणि त्याचे सगळे सिक्स त्याच बाजूला जातात, हे रीलमध्ये दिसत नाही. सुटलेले झेलही दिसत नाहीत. आणि त्याला जो काही सराव मिळाला तो माझ्या दादाच्या हातून मिळाला, हे तर कुठेच दिसत नाही. पायाशी येणारा हळू बॉल त्याला आजही कळत नाही. तो बॅट आधीच उचलतो. ही गोष्ट जगात दोघांनाच माहीत होती, दादाला आणि मला.

या वर्षी मैदानाच्या अर्ध्या भागाला बिल्डरचे निळे पत्रे लागले. पुढच्या हिवाळ्यात तिथे मैदान नसणार, हे सगळ्यांना कळलं होतं. दुसरी जागा गावात उरलेली नाही. दादाने बारा वर्षं नुसती मांडवात बसून टाळ्या वाजवल्या होत्या. एका संध्याकाळी तो टँकर लावून आला आणि जेवता जेवता म्हणाला, "यंदा मी विचारतो."

गावदेवीच्या देवळापुढे कमिटी बसली होती. मामा कमिटीचा अध्यक्ष. मी दादाबरोबर गेले, कारण त्याला वाटलं मी शिकलेली आहे, मला बोलता येईल.

"मामा, यंदा मला घ्या," दादा म्हणाला.

"कुठं घेऊ? मांडीवर?" कमिटीतले एक काका म्हणाले. सगळे हसले. दादाही हसला.

मी तयारी करून गेले होते. मी म्हणाले की जो माणूस लहानपणापासून या गावात राहतो, इथल्या शाळेत शिकला, इथे मतदान करतो, तो गावचा नाही तर कुठला? मी "नागरिक" हा शब्द दोनदा वापरला.

"बाय, तू छान बोलतेस," मामा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "पण आज भाच्याला घेतला तर उद्या समोरचा गाव पण चार भाचे घेऊन येल. मग आपण कोनाला नाय म्हणायचा? याचा बापूस हाय ना जिता? त्याच्या गावात खेल."

"ते गाव याला ओळखत नाही, मामा."

"ते मी काय करू."

काका परत म्हणाले, "भाच्याचा मान लग्नात. मैदानात नाय." परत हसणं झालं. दादा निघाला. देवळाच्या पायरीवर त्याने चप्पल घातली, ती उलटी घातली, आणि तसाच थोडं चालला.

दोन दिवसांनी त्याने बाईक काढली आणि मला म्हणाला, "बस." शहाडचा पूल ओलांडेपर्यंत मी विचारलं नाही. मग विचारलं. तो म्हणाला, "मामा बोलला ना, बापाच्या गावात खेल."

वडिलांना मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, एका लग्नात, लांबून. ते ओट्यावर बसले होते. दादाने गाडी लावली आणि सरळ सांगितलं, "मला तुमच्या गावाकडून खेळायचंय."

वडिलांनी त्याच्या खांद्याकडे बघितलं. "आयस बरी हाय?" त्यांनी विचारलं.

"हाय."

"बोलर हायेस ना तू? मी ऐकलंय." मग त्यांनी संघाच्या कॅप्टनला बोलावून घेतलं. कॅप्टन माझ्याच वयाचा होता. त्याने समोरच्या रस्त्यावर दादाला चार बॉल टाकायला लावले आणि चौथ्या बॉलनंतर नुसता म्हणाला, "टी-शर्टचा साईज काय?" घरातून एक बाई पाणी घेऊन आल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, मीही त्यांच्याकडे बघितलं नाही. निघताना वडील म्हणाले, "पोरगा माझाच हाय, कोन नाय म्हनतो?" हे ते कॅप्टनला म्हणाले. पण दादाच्या कानाला ते गोड लागलं असावं. परतीच्या वाटेवर तो गाणं म्हणत होता.

आईला मी सांगितलं. ती तांदळाच्या भाकऱ्या थापत होती; हॉटेलात द्यायच्या असतात. तिने हात थांबवला नाही. म्हणाली, "खेलू दे. पण तो टी-शर्ट माझ्या दोरीवर वालत घालायचा नाय."

मी म्हटलं, "आई, तू नको म्हणालीस तर तो जाणार नाही."

"म्हणून तर म्हणत नाय," ती म्हणाली.

ड्रॉ निघाला आणि पहिल्याच फेरीत मामाचं गाव आणि वडिलांचं गाव समोरासमोर आलं. मला वाटतं तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी खूश होते. खरं सांगायचं तर मी मनात तो सामना आधीच खेळून टाकला होता. खाडीचा बादशहा येतो, गाणं वाजतं, दादा पायाशी हळू बॉल टाकतो, विटा पडतात. माझ्या मनात स्टंप अजून विटांचेच होते.

सामना सकाळचा होता. आई येणार नाही असं वाटलं होतं, पण ती आली. कुठल्या मांडवात बसायचं हे आम्हाला कळेना. मामाच्या गावाच्या मांडवात बसलो तर समोर दादा. वडिलांच्या मांडवात आई पाऊल ठेवणार नव्हती. शेवटी आम्ही पत्र्यांच्या बाजूला, बाउंड्रीबाहेर उभे राहिलो.

दादा टी-शर्ट घालून मैदानात आला. पाठीवर त्या गावाचं नाव होतं. मामाच्या मांडवातून कोणीतरी ओरडलं, "अरे टँकर, पाणी इकडचा आणि बॉल तिकडचा का?" दादाने हात वर केला, हसला. मामाचा मुलगा बुटाची नाडी बांधत होता. त्याने दादाकडे बघितलं आणि लगेच मामाकडे.

पहिला बॉल पडायच्या आधी हरकत घेता येते. हरकत आली तर खेळाडूच्या बापाने किंवा आजोबाने गावदेवीच्या नारळावर हात ठेवून सांगायचं, हा माझा, माझ्या घरचा. तेवढं झालं की अंपायर पुढे काही विचारत नाही. नारळावर खोटं कोणी बोलत नाही, एवढं सगळे मानतात.

मामा उठला. माईकपर्यंत गेला. कॉमेंटेटरच्या हातातून त्याने माईक घेतला नाही, पण तो चालू होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं.

"माझी हरकत हाय. तो त्यांच्या गावचा नाय. तो माझ्या घरात लहानाचा मोठा झाला. हा आमच्या गावचा हाय."

मी आईचा हात धरला.

अंपायरने नारळ आणवला. वडिलांना बोलावलं. वडील मांडवातून निघाले, त्यांच्या मागे त्यांच्या आत्ताच्या बायकोचे दोन भाऊ आणि सोबत दोन मुलं, माझ्याहून लहान. दोघांची उंची वडिलांसारखी. त्या गावातही जमिनी बिल्डरकडे जायच्या आहेत, हे मला नंतर कळलं. नारळावर हात ठेवून, साऱ्या गावांसमोर, माझ्या घरचा, असं म्हटलं की ते फक्त क्रिकेटपुरतं राहत नाही, जमिनीच्या पैशातही वाटा निघतो. त्या वेळी मला एवढंच दिसलं, की वडील नारळाजवळ उभे आहेत आणि त्यांचे हात पाठीमागे आहेत.

"ठेवा हात, बाबा," अंपायर म्हणाला.

"पोरगा माझा हाय," वडील म्हणाले.

"हात ठेवून बोला."

वडिलांनी मागे वळून बघितलं. मेहुण्यांपैकी एक मोबाईलमध्ये बघत होता. "खेलू दे ना त्याला," वडील म्हणाले. "खेलासाठी शपथ कशाला."

"घरचा हाय का नाय?"

"राहतो तिकडंच," वडील अगदी हळू म्हणाले. पण माईक चालू होता.

दादाने कोणी सांगायची वाट बघितली नाही. त्याने टी-शर्ट डोक्यावरून काढला, नीट घडी घातली आणि तो कॅप्टनच्या हातात दिला. आत बनियन होतं. तो तसाच बनियनवर मैदान ओलांडून आमच्याकडे यायला निघाला. मैदान मोठं वाटत होतं. कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

तेव्हा आई निघाली. मी तिला थांबवायला गेले, तर तिने माझा हात झटकला. ती बाउंड्रीची दोरी ओलांडून सरळ मामासमोर जाऊन उभी राहिली.

"आता तू बोललास," ती म्हणाली. "हा आपल्या गावचा हाय. सगल्यांनी ऐकला. मग घे त्याला."

मामा गोंधळला. "अगं बाय, संघ झाला ना. अकरा जन दिले ना."

"एक काढ."

"असा कसा काढू? नियम हाय."

"नियम तुझाच हाय."

"पुढच्या वर्षी बघू ना आपण."

"पुढच्या वर्षी मैदान कुठं हाय?" आई म्हणाली.

मामाने पत्र्यांकडे बघितलं. मग आपल्या मुलाकडे. मला वाटलं, क्षणभर वाटलं, की मामाचा मुलगा काहीतरी बोलेल. तो खाली वाकून बुटाची नाडी घट्ट करत राहिला. कॉमेंटेटर म्हणाला, "चला मंडली, उशीर होतोय, टॉस झालेला हाय," आणि ढोल वाजायला लागला. आई तशीच उभी राहिली. मीच जाऊन तिला घेऊन आले.

सामना सुरू झाला. मी म्हटलं घरी जाऊ. दादा म्हणाला, "थांब, बघू तर." बनियनवर तो पत्र्याला टेकून उभा राहिला. गाणं लागलं, मामाचा मुलगा बॅटिंगला आला. हरकतीनंतर दादाच्या जागी ज्या राखीव खेळाडूला घेतलं होतं तो मुलगा जोरात टाकत होता, सगळे बॉल छातीपर्यंत येत होते, आणि तसल्या बॉलवर मामाचा मुलगा खरंच बादशहा आहे. बॉल आमच्या डोक्यावरून जात होते. दादाचे ओठ हलत होते. प्रत्येक बॉलच्या आधी तो पुटपुटत होता, "हळू... हळू टाक ना."

वडिलांच्या गावाचा कॅप्टन फिल्डिंगला आमच्याजवळ आला. घामाघूम झाला होता. दोरीपाशी येऊन तो दादाला म्हणाला, "दादूस, तू याच्याबरोबर खेललायस. सांग ना, कुठं टाकू?"

मला उत्तर माहीत होतं. ते माझ्या तोंडात आलं होतं. दादाने माझ्या दंडाला धरलं.

"मी त्यांच्या गावचा हाय," तो कॅप्टनला म्हणाला. "कसा सांगू?"

कॅप्टनला वाटलं तो चेष्टा करतोय. "अरे सांग ना, काय तू पण."

"नाय. मागं हो, बॉल इकडंच येईल."

कॅप्टन गेला. मी दादाला म्हणाले, "त्यांनी तुला घेतलं नाही. तुला बाहेर काढायला ते तसं बोलले. तुला कळत नाही का?" मी ओरडत होते, ढोलामुळे मला ओरडावंच लागत होतं. "बाहेर काढायलाच फक्त."

"कळतं ना," दादा म्हणाला. "पण बोलले. सगळ्या गावांसमोर बोलले."

त्याच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. पुढचा बॉल परत आखूड पडला आणि उंच गेला, पत्र्यांच्याही पलीकडे. मामाच्या मांडवातली सगळी माणसं उभी राहिली. इकडे पत्र्याजवळ दादा एकटाच टाळ्या वाजवत होता, दोन्ही हात डोक्याच्या वर करून. आईने त्याचे हात धरले आणि खाली केले, आणि मग ते सोडलेच नाहीत.